दसरा आणि दिवाळीच्या मधे: झायन, ब्राइस, पेज, ग्रँड कॅन्यन

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. हे बघितलं आणि नवऱ्याला म्हटलं, अरे मधले दिवस आपले, आत्ताच रजा टाकून ठेव. मी घरी घट बसवते त्यामुळे नवरात्रात हलता येत नाही, दिवाळीला लेक कॉलेजमधून घरी येणार म्हणजे त्याआधीचा आठवडा चकल्या-चिवड्यात जाणार, मग उरतो तो बरोबर ऑक्टोबरचा शेवट. आणि युटा-ॲरिझोनातल्या त्या लाल दऱ्या बघायला वर्षात यापेक्षा चांगले दिवस नाहीत हे माझं आता ठाम मत झालंय, गेले कित्येक दिवस रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघं नकाशा उघडून बसतोय आणि त्यातून जे काही हाती लागलं ते इथे लिहून ठेवतेय, कुणाला उपयोगी पडलं तर फारच छान.

लेक शाळेत होती तोवर आमच्या सगळ्या सहली जून-जुलैमधेच व्हायच्या, सगळ्या आईबापांच्या होतात तशाच. पण उन्हाळ्यात झायनच्या दरीत पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी तर त्याहून जास्त, आणि जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे वळवाचा पाऊस येतो, तोसुद्धा असा की दहा मैलांवर कोसळलेलं पाणी तुम्ही उभे असता त्या कोरड्या घळीत अचानक भिंतीसारखं येतं. त्यामुळे लहान मुलीला घेऊन तिकडे जायचं आम्ही कायम टाळलं. आता घरात आम्ही दोघंच, शाळेचं कॅलेंडर बघायचं नाही, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनी फक्त दोघांनी कुठेतरी लांब जायचं ह्याचं मला खरंच खूप अप्रूप आहे, उगाच लपवत नाही.

पहिला प्लॅन नवऱ्याने केला होता आणि त्यात युटाचे पाचही पार्क होते, झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, कॅन्यनलँड्स, आर्चेस, शिवाय मॉन्युमेंट व्हॅली, शिवाय ॲरिझोनातलं पेज गाव, शिवाय ग्रँड कॅन्यन. लास व्हेगासला उतरायचं, गाडी घ्यायची आणि अख्खी गोल फेरी मारून परत व्हेगास. बरेच जण करतात हे, आमच्या ओळखीतल्या दोन-तीन कुटुंबांनी केलंय, त्यांचे फोटो सुंदर आहेत. पण मी कागदावर नुसते ड्रायव्हिंगचे तास मांडले, ब्राइसवरून कॅपिटॉल रीफ तीन तास, तिथून मोआब अडीच तास, मोआबवरून मॉन्युमेंट व्हॅली तीन तास, तिथून पेज दोन तास, आणि मग लक्षात आलं की ऑक्टोबरच्या शेवटी दिवसच जेमतेम अकरा तासांचा असतो, त्यातले रोज तीन-चार तास गाडीत घालवले तर दरीत उतरणार कधी? संधिप्रकाशात रस्त्यावर हरणं येतात त्यामुळे अंधारात गाडी चालवायची नाही हे आम्ही आधीच ठरवलेलं. मग मी मोआब काढून टाकलं. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स दोन्ही मोआबजवळच आहेत, एखाद्या वसंतात सॉल्ट लेक सिटीकडून जाऊन फक्त तेवढंच करता येईल, आर्चेसमधली ती प्रसिद्ध दगडी कमान, डेलिकेट आर्च, कुठे पळून जात नाहीये. नवरा दोन दिवस हळहळला, मग म्हणाला की तुझं बरोबर आहे, त्यापेक्षा झायनमध्ये एक रात्र वाढवू.

आणि इथेच मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगते. ह्या भागातली शरद ऋतूतली ट्रिप मैलांवर आखू नका, उंचीवर आखा. झायन ते ब्राइस नकाशावर जेमतेम ८५ मैल, दोन तासांचा रस्ता, म्हणून लोक एकाच बॅगेत एकच प्रकारचे कपडे भरून निघतात. पण झायनच्या दरीचा तळ आहे साधारण ४००० फुटांवर आणि ब्राइसचा कडा ८००० ते ९१०० फुटांवर. आपलं कळसूबाई ५४०० फूट, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही ब्राइसचं पार्किंग अडीच-तीन हजार फुटांनी वर आहे. ऑक्टोबरच्या शेवटी झायनमध्ये दुपारी वीस-बावीस सेल्सिअस, मस्त टीशर्टात फिरा, आणि त्याच संध्याकाळी ब्राइसला पोचलात की रात्री सरळ शून्याच्या खाली. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड, साउथ रिम, ७००० फुटांवर, तिथेही रात्री गारठा, पण तिथूनच खाली नदीपाशी उतरलं की परत ऊब. पेज पुन्हा खाली, चार हजारांच्या आसपास.

पानांचे रंगही ह्याच हिशोबाने येतात. ॲस्पेनची झाडं उंचावर असतात, हायवे १२ वर बोल्डर माउंटनचा घाट ९६०० फुटांपर्यंत चढतो तिथे ती सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळी होतात आणि मग गळून जातात. झायनच्या नदीकाठची कॉटनवुडची झाडं मात्र ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोनेरी होतात. रंग वरून खाली उतरत येतो, त्यामुळे दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळणं कठीणच, काहीतरी एक निवडावं लागतं, आणि आमचं तर दसऱ्यानेच निवडलं, कॉटनवुड. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, आम्ही न्यू जर्सीत राहतो, डोंगरच्या डोंगर लाल-पिवळे झालेले दरवर्षी बघतो, पण दोन हजार फुटी लाल कातळाच्या पायथ्याशी ओळीने उभी पिवळीधमक झाडं आणि वर निळंशार आकाश हे इकडे कुठून मिळणार.

तर प्लॅन असा. दसऱ्याला सोनं वाटायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं नेवार्क ते व्हेगास विमान, रात्र व्हेगासलाच, सकाळी किराणा घेऊन झायन. व्हेगासवरून झायन १६० मैल, अडीच तास लागतात पण घड्याळ एक तास पुढे जातं म्हणून साडेतीन धरायचे. आम्ही स्प्रिंगडेल गावात राहतोय, अगदी पार्कच्या दाराशी, थोडं महाग पडतं पण गावातूनच फुकट शटल मिळते आणि पार्किंगसाठी सकाळी सहाला उठून धावपळ करावी लागत नाही. मार्च ते नोव्हेंबर झायनच्या मुख्य दरीत खाजगी गाड्या सोडतच नाहीत, सगळ्यांनी शटलनेच जायचं, आणि मला ही पद्धत फार आवडली, त्या दरीत हॉर्न नाही, धूर नाही, नदीचा आवाज ऐकू येतो.

एंजल्स लँडिंगवर आमची बरीच चर्चा झाली. हा झायनचा सगळ्यात प्रसिद्ध ट्रेल, शेवटचा अर्धा मैल कड्याच्या धारेवरून, दोन्ही बाजूला हजार फूट खोल आणि हाताला साखळी. २०२२ च्या एप्रिलपासून त्याला परमिट लागतं, लॉटरीने मिळतं, एक लॉटरी काही महिने आधी आणि दुसरी आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत, अर्जाला ६ डॉलर आणि नंबर लागला तर माणशी ३ डॉलर. नवऱ्याला जायचंय, त्याने हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला आहे आणि त्याला उंचीचं काही वाटत नाही. मला वाटतं. मग असं ठरलं की त्याने एकट्याचं परमिट भरायचं, स्काउट लुकआउटपर्यंत दोघांनी बरोबर जायचं, तिथपर्यंत परमिट लागत नाही, आणि तिथपर्यंतचा चढही काही कमी नाही, वॉल्टर्स विगल्स नावाची २१ वळणं एका पाठोपाठ एक चढायची आहेत. पुढे तो जाईल, मी तिथे बसून चहा पिईन, समोरची दरी बघेन. जोडीने गेलं म्हणजे प्रत्येक पाऊल जोडीनेच टाकलं पाहिजे असं कुठे आहे, एकाला धडकी भरत असताना दुसऱ्याने ओढत न्यायचं ह्यात कसला आनंद.

पण नॅरोज मात्र दोघांचं. व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालत जायचं, पायवाट नाहीच, नदी हीच वाट, दोन्ही बाजूला हजार फुटांच्या भिंती आणि मधे काही ठिकाणी जेमतेम वीस-पंचवीस फुटांची जागा. शटलच्या शेवटच्या स्टॉपपासून रिव्हरसाइड वॉक म्हणून एक मैलाची सोपी पक्की वाट आहे, ती संपली की पाण्यात उतरायचं आणि जमेल तेवढं जाऊन त्याच वाटेने परत यायचं. ह्यासाठी परमिट लागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी चांगलंच गार असतं आणि आत ऊन पोचत नाही म्हणून स्प्रिंगडेलमधून भाड्याने सामान घेणार, निओप्रीनचे मोजे, त्यावर घट्ट बसणारे बूट, उंच काठी, आणि कमरेपर्यंतची वॉटरप्रूफ पँट. काठी म्हणजे फॅशन नाही, तळाशी गोल गुळगुळीत धोंडे असतात, दिसत नाहीत, एक पाय उचलायच्या आधी काठी आणि दुसरा पाय पक्के पाहिजेत. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की पार्कवाले नॅरोज बंद करतात, आणि पूर येण्याची शक्यता किती ते रोज सकाळी जाहीर करतात. आम्ही दोघं सांधण दरीत उतरलेलो आहोत, पावसाळ्यात त्या घळीत पाऊल टाकायचं नाही हे तिकडच्या प्रत्येक गाववाल्याला माहीत असतं, इथेही नियम तोच, आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या अंगाला काय चाललंय ते विचारल्याशिवाय उतरायचं नाही. आणखी एक, त्या नदीत २०२० पासून विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत, गाळूनसुद्धा ते पाणी प्यायचं नाही, तोंडावर मारायचं नाही, पिण्याचं सगळं पाणी पाठीवर न्यायचं.

झायनवरून ब्राइसला जाताना १९३० साली झालेला बोगदा लागतो, १.१ मैल लांब, कड्याच्या आतून कोरलेला आणि मधे मधे दरीच्या बाजूला खिडक्या ठेवलेल्या. तो पार केला की दगडाचं रूपच बदलतं, चेकरबोर्ड मेसा म्हणून एक अख्खा डोंगर आहे त्याच्यावर आडव्या-उभ्या रेघांची चौकट आहे. त्यातल्या आडव्या तिरक्या रेघा म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, वारा जिकडून वाहायचा तिकडून वाळू रचली गेली आणि तशीच दगड झाली. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळा, टणक, त्यावर पावसाने हिरवळ धरते. इथला दगड मुळात वाळूच, म्हणून हे आकार, आणि लाल रंग त्यातल्या लोखंडाच्या गंजाचा. मला हे वाचायला लागल्यापासून फोटोसुद्धा वेगळे दिसायला लागलेत.

आता ब्राइस. इथे २५ ऑक्टोबरची रात्र आहे आणि २५ ऑक्टोबर म्हणजे कोजागिरी. नवऱ्याचं म्हणणं होतं की ब्राइसला अमावास्येच्या आसपास जायचं, २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, पौर्णिमेला गेलो तर तारे काय डोंबल दिसणार. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, न्यू जर्सीत आकाशगंगा दिसत नाही. पण मी म्हटलं की अरे कोजागिरीला आठ हजार फुटांवर, समोर हजारो दगडी सुळके आणि त्यावर टिपूर चांदणं, हे परत कधी जमून येणार? ब्राइस म्हणजे खरं तर दरी नाहीच, पठाराची कड झिजून झालेले अर्धगोल आहेत आणि मुख्य अर्धगोल पूर्वेकडे उघडा आहे, म्हणजे कड्यावर उभं राहिलं की पौर्णिमेचा चंद्र बरोबर समोरून वर येणार. शेवटी तोडगा निघाला तो चंद्रानेच काढला. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, आम्ही ग्रँड कॅन्यनला पोचू तेव्हा अंधार पडल्यापासून चंद्र वर येईपर्यंत दोनेक तास काळोख मिळतोय, आणि ग्रँड कॅन्यनलाही डार्क स्कायचा दर्जा आहे. ब्राइसला चांदणं माझं, ग्रँड कॅन्यनला तारे त्याचे.

दुधाची तयारी मी आधीपासून करतेय. बदाम, पिस्ते, वेलची, जायफळ, केशर घरूनच कुटून डबीत भरून नेणार, दूध ब्राइसजवळच्या ट्रॉपिक गावात मिळतं, खोलीत मायक्रोवेव्ह आहे त्यात आटेल तेवढं आटवायचं आणि मोठ्या थर्मासमध्ये भरून सनसेट पॉइंटवर जायचं. ब्राइसचे सुळके, त्यांना हूडू म्हणतात, कशाने झाले तर थंडीने. वर्षातल्या दोनशेच्या आसपास रात्री तिथे पारा शून्याच्या वर-खाली होतो, दिवसा भेगेत शिरलेलं बर्फाचं पाणी रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि दगड फोडतं, असं लाखो वर्षं. म्हणजे आम्ही ज्या थंडीत कुडकुडत दूध पिणार तीच ते कोरीवकाम करतेय. इथल्या मूळच्या पाययूट लोकांच्या कथेप्रमाणे तर हे सुळके म्हणजे पूर्वीची माणसं, कोयोटी म्हणजे त्यांच्या कथांमधल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याने शिक्षा म्हणून दगड करून टाकलेली, आणि सकाळच्या पहिल्या उन्हात बघितलं तर त्या रांगांमध्ये चेहरे दिसतात असं सगळे म्हणतात. सकाळी आम्ही क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप असा जोडून तीन मैलांचा ट्रेल करणार, सनराइज पॉइंटवरून उतरायचं आणि सनसेट पॉइंटवर चढायचं, उलटं नाही, कारण क्वीन्स गार्डनचा उतार गुडघ्यांना सोपा आहे. आमच्या वयात हे बघावं लागतं.

ब्राइसवरून एक दिवस हायवे १२ ने बोल्डर गावापर्यंत जाऊन परत येणार. ॲस्पेन संपलेले असतील पण त्या रस्त्यावर एस्कलांटेच्या पुढे हॉगबॅक म्हणून एक पट्टा आहे, अरुंद धार आणि दोन्ही बाजूंनी कठडा नसलेली दरी, गाडी नवराच चालवणार.

पेजचा मुक्काम छोटाच. अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नावाहो ह्या तिथल्या मूळच्या लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अचानक पूर आला आणि ११ पर्यटक गेले, जिथे घळ आहे तिथे पाऊस नव्हताच, तो कित्येक मैल लांब पडला होता. तेव्हापासून शिड्या पक्क्या बसवल्यात आणि हवामानावर सतत लक्ष असतं. अप्पर अँटिलोपमधल्या त्या प्रसिद्ध प्रकाशाच्या तिरिपी मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी दिसतात, आम्ही जातोय तेव्हा सूर्य खाली गेलेला असणार, म्हणून दुपारच्या महागड्या वेळेचे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, आम्ही लोअर घेतलं. बॅग न्यायची नाही, ट्रायपॉड नाही, फोन आणि पाणी बस.

वेळेचं मात्र नीट लिहून ठेवा. युटात ऑक्टोबरमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं, ॲरिझोना घड्याळ बदलतच नाही, त्यामुळे पेज आणि ग्रँड कॅन्यनची वेळ व्हेगाससारखीच. पण ॲरिझोनातच असलेला नावाहो भाग घड्याळ बदलतो, तो युटाबरोबर. पेज ह्या सगळ्याच्या बरोबर सांध्यावर आहे, फोन कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे तासभर पुढे-मागे होतो. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने चालतात. आम्ही नवऱ्याचं साधं मनगटी घड्याळ ॲरिझोनावर लावून तेच मानणार.

पेजवरून ग्रँड कॅन्यनला जायच्या आधी वाकडी वाट करून मार्बल कॅन्यनच्या नावाहो ब्रिजवर जायचंय, ते नवऱ्यासाठी, तो पक्षीवेडा. तिथे कॅलिफोर्निया काँडर दिसतात. साडेनऊ फुटांचे पंख असलेला हा पक्षी १९८२ मध्ये अख्ख्या जगात २२ उरला होता, मग सगळे पकडून त्यांची पैदास केली आणि १९९६ पासून ॲरिझोनात परत सोडायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या पंखावर नंबरची पट्टी असते. ह्या प्रयत्नातलं हजारावं पिल्लू २०१९ मध्ये झायनच्या कड्यावर जन्मलं. नवऱ्याने नवीन दुर्बीण घेतलीच आहे.

ग्रँड कॅन्यनला साउथ रिम. नॉर्थ रिम एरवीही ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद व्हायला लागते आणि तिथलं जुनं सुंदर लॉज २०२५ च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं. आम्ही कॅमेरॉनकडून म्हणजे पूर्वेच्या दाराने शिरणार, सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणेन, कारण आधी डेझर्ट व्ह्यू लागतं, १९३२ मध्ये मेरी कोल्टरने बांधलेला दगडी मनोरा आहे, आणि तिथून ग्रँड कॅन्यन व्हिलेज ह्या मुख्य वस्तीपर्यंतच्या पंचवीसेक मैलांत एकामागून एक थांबे आहेत जिथे गर्दी कमी. ह्याच पट्ट्यातून विष्णू टेंपल दिसतं. हो, विष्णू. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ इथे काम करत होता, त्याला ह्या दरीतले सुळके देवळांसारखे वाटले आणि त्याने त्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल, सगळी आहेत. आणि दरीच्या अगदी तळाशी नदीलगत जो काळा दगड आहे त्याचं नाव विष्णू शिस्ट, साधारण १७० कोटी वर्षांचा. कड्यावर आपण उभे राहतो तो चुनखडीचा थर २७ कोटी वर्षांचा. माझी आजी रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणायची, तिला हे सांगता आलं असतं तर तिला काय आनंद झाला असता. मी तिथे उभी राहून म्हणणार आहे, जेवढं पाठ आहे तेवढं.

आणखी एक गंमत, म्हणजे मला तरी फार भारी वाटली. हे सगळे पार्क एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. ब्राइसच्या सगळ्यात खालच्या थराच्या जवळपासचा दगड झायनच्या माथ्यावर आहे, आणि झायनच्या तळाचा थर हाच जवळपास ग्रँड कॅन्यनचा माथा. त्यामुळे ब्राइस, मग ग्रँड कॅन्यन असं आम्ही गेलो की वरच्या पायरीवरून खाली, कोट्यवधी वर्षं मागे मागे जात राहणार.

तळापर्यंत पायी उतरायचा मोह आम्ही टाळतोय. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचं नाही असं पार्कवाले पाटीवर लिहितात ते उगाच नाही, इथे उतार आधी आणि चढ नंतर, आपल्या गडांच्या बरोबर उलटं, दमल्यावर चढायचं असतं. साउथ कैबाब ट्रेलने सीडर रिजपर्यंत जाणार, दीड मैल खाली, उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वर यायला धरायचा.

पैशाचं थोडक्यात. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन प्रत्येकी गाडीला ३५ डॉलर, म्हणजे १०५, त्यापेक्षा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा, एका गाडीतले सगळे त्यात येतात. पण २०२६ पासून हा ८० डॉलरचा दर फक्त इथल्या रहिवाशांना आहे, भारतातून फिरायला आलेल्यांसाठी वार्षिक पास २५० चा झालाय आणि पास नसेल तर ह्या तिन्ही पार्कांत माणशी १०० डॉलर जास्तीचे द्यावे लागतात. आईबाबांना आणायचा विचार असेल त्यांनी हे आधी बघून घ्या. अँटिलोप कॅन्यन आणि पेजजवळच्या हॉर्सशू बेंडचं, म्हणजे नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणाचं, पार्किंग कुठल्याच पासात येत नाही.

खाण्याचं म्हणाल तर स्प्रिंगडेलमध्ये बऱ्यापैकी मिळतं, ब्राइस आणि पेजच्या रस्त्यात शाकाहारी माणसाला सँडविच नाहीतर फ्राइज. म्हणून छोटा इलेक्ट्रिक कुकर, आंबेमोहोर, मेतकूट, तुपाची बाटली, लिंबाचं लोणचं, दशम्या आणि दाण्याची चटणी असा सरंजाम आहे. पाणी गाडीत कायम दोन-तीन गॅलन. हवा इतकी कोरडी की ओठ आणि नाक फुटतं, त्यासाठी खोबरेल तेलाची छोटी बाटली पर्समध्ये. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली गेलं की भरायचं, आणि सगळे नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्यायचे.

आता राहिलंय ते इतकंच, नवऱ्याचं एंजल्स लँडिंगचं परमिट लागतं का ते बघायचं, नाही लागलं तर आदल्या दिवशीची लॉटरी, आणि नॅरोजच्या पँटचं बुकिंग. ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्यापैकी कुणी त्या पाण्यात उतरलं असेल तर नुसते मोजे-बूट पुरले की पूर्ण पँट लागली ते मला नक्की कळवा, मी लगेच थंडीने गारठते आणि मला आतपर्यंत जायचंय.